लिखित, साक्षी आणि दिव्य

शासनाकडून कोणासही मदत मिळावयाची म्हटली की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'आपण कोण?' हा, आणि त्याचे उत्तर तोंडाने दिलेले चालत नाही, ते कागदावर असावे लागते. एरवी ह्यात कोणास काही वावगे वाटत नाही. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या तर ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते. बदलीचा हुकूम, शेवटच्या पगाराचा दाखला, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, शिधापत्रिका, एवढे बाड जवळ असल्याशिवाय आपण गाव सोडत नाही. त्यातले एखादे मागे राहिलेच तर मागच्या कचेरीस पत्र टाकून ते मागवून घेतो. पण मागची कचेरीच उरली नसेल तर? किंवा ती उरली असली तरी तिला पत्र लिहिणे हेच जिवावरचे संकट असेल तर? निर्वासिताची गोष्ट येथून वेगळी होते. ज्या आपत्तीने त्याला मदतीस पात्र केले, त्याच आपत्तीने त्याची पात्रता सिद्ध करणारे कागद नाहीसे केलेले असतात. अशा माणसापाशी पुरावा मागावा काय, आणि मागावा तर किती, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कार्यालयीन दिसतो. आमच्या मते तो नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मेजाच्या अलीकडे बसणाऱ्यांना रोज द्यावे लागते.

जबलपुरास राहणाऱ्यांना ह्या प्रश्नाची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागत नाही. शहरातील एका वस्तीला लोक अजून 'सिंधी कॅम्प' म्हणतात. पूर्वी जबलपूर जिल्ह्यातच मोडणाऱ्या कटनीच्या शेजारी माधवनगर आहे. तेथेही फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी आपले बिऱ्हाड थाटले. १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधील हिंदूंना आपला मुक्काम हलविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पुष्कळजण जहाजाने मुंबईस उतरले, कल्याणच्या लष्करी छावणीत राहिले (तिचेच पुढे उल्हासनगर झाले), आणि काहीजण तेथून आगगाडीने मध्यप्रांतात आले. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी येथील बाजारपेठेत प्रतिष्ठेने वावरते आहे आणि त्यांना निर्वासित म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. वस्ती बदलली तरी 'कॅम्प' हा शब्द मात्र राहिला. त्या शब्दामागे एक रांग उभी आहे; रांगेच्या टोकाला एक मेज आहे; आणि मेजावर एक कोरा अर्ज आहे.

प्रथम कागदाची बाजू मांडू. कारण तिची टवाळी करणे फार सोपे असते. शासनाचा पैसा अधिकाऱ्याच्या मालकीचा नसतो, तो त्याचा राखणदार असतो. कागदाची अट काढून टाकली तर मदत कोणाला मिळेल? ज्याची ओळख आहे त्याला, ज्याचा आवाज मोठा आहे त्याला, ज्याची भाषा साहेबाला कळते त्याला. ज्याला कोणाचा वशिला नाही अशा माणसाचा वशिला म्हणजे कागदच होय. हातात नोंदणीची चिठ्ठी असलेली निराधार बाई आणि कालपर्यंत हवेलीत राहिलेला शेठ ह्या दोघांना एकाच रांगेत उभे करण्याचे सामर्थ्य त्या चिठ्ठीत असते. शिवाय देण्यासारखे जे असते ते नेहमीच अपुरे असते. पूर्व पंजाबात आलेल्या निर्वासितांनी पाकिस्तानात सुमारे ६७ लाख एकर जमीन मागे टाकली होती. इकडे वाटण्यास मिळाली ती सुमारे ४७ लाख एकर. अशा वेळी एकाने दहा एकर खोटे सांगून घेतले तर ते सरकारच्या खिशातून जात नाहीत, रांगेत मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या निर्वासिताच्या ताटातून जातात. म्हणून 'माणुसकीने वागा, कागद कसले पाहता?' असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. एकाशी दाखविलेल्या माणुसकीची किंमत पुष्कळदा त्या खोलीत हजर नसलेल्या दुसऱ्यास द्यावी लागते.

हे मान्य केल्यावर आता दुसरी बाजू पाहू. फाळणीनंतरच्या वर्षांत पात्रतेच्या अटी कशा वाढत गेल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना १९ जुलै १९४८ पासून परवाना आवश्यक झाला. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने हीच तारीख नागरिकत्वाची सीमारेषा ठरविली. अखंड हिंदुस्थानात जन्मलेला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी तेथे जन्मले होते, असा मनुष्य त्या तारखेपूर्वी येऊन येथे राहिला असेल तर तो आपोआप नागरिक झाला. नंतर आलेल्यास अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंदणी करावी लागली. आणि त्या अर्जापूर्वी सहा महिने भारतात वास्तव्य झालेले असले पाहिजे, अशी अट होती. नोंदणी २६ जानेवारी १९५० पूर्वी व्हावयाची होती. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दोन सख्खे भाऊ आहेत अशी कल्पना करू. एक जून १९४९ मध्ये आला. दुसरा आजारी आईला सोडवेना म्हणून मागे राहिला आणि ऑगस्टमध्ये आला. पहिल्याचे सहा महिने भरले, दुसऱ्याचे भरले नाहीत. ह्या कलमाखाली थोरला नागरिक ठरला. धाकट्यास १९५५ चा नागरिकत्व कायदा येईपर्यंत वाट पाहणे प्राप्त झाले. दोघांचे दुःख एक, गाव एक, आईही एक. फरक होता तो केवळ पंचांगातला.

मागे राहिलेल्या मालमत्तेचा प्रश्न वेगळा होता. १९५० च्या दावेविषयक कायद्याने पश्चिम पाकिस्तानात सोडून आलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे मागविले आणि तपासले. १९५४ च्या कायद्याने त्या तपासलेल्या दाव्यांवर नुकसानभरपाई देण्याची व्यवस्था केली. १ मार्च १९४७ नंतर ज्याला घर सोडावे लागले तो ह्या कायद्याच्या दृष्टीने विस्थापित. ही रचना विचारपूर्वक केलेली होती ह्याबद्दल शंका नाही. पण ती स्थावराची होती. ज्याचे घर होते त्याला घराचा दावा करता आला. ज्याची केवळ हातगाडी होती, जो दुसऱ्याच्या दुकानात मुनीम होता, जी घरोघर जाऊन शिवण शिवीत होती, त्यांनी गमावलेल्या वस्तूसाठी त्या अर्जात रकानाच नव्हता. त्यांच्यासाठी कर्जे, छावण्या, शिक्षणाच्या सवलती अशा इतर योजना होत्या, हे खरे. तरीही रकाना कशाचा असावा हे ठरविताना कोणते दुःख मोजण्याजोगे हेही आपण ठरवीत असतो, ही गोष्ट विसरून चालत नाही.

पूर्वेकडून आलेल्यांची कथा आपल्या ह्या प्रांताशी अधिकच जोडलेली आहे. पूर्व बंगालमधून आलेल्यांना भरपाईचा कायदा लागू झाला नाही. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारानुसार त्यांची तिकडील मालमत्ता त्यांचीच राहिली आहे असे मानले गेले. कागदावर घर त्यांचे होते, फक्त त्यात राहता येत नव्हते. १९५२ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांत पारपत्राची पद्धत सुरू झाली आणि कायमचे येऊ इच्छिणाऱ्यास स्थलांतराचा दाखला लागू लागला. पुढे ३१ मार्च १९५८ नंतर येणाऱ्यांना पुनर्वसनाचे साहाय्य मिळणार नाही असे ठरले. १९६४ च्या आरंभी पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या, लोंढे पुन्हा सुरू झाले, आणि १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ ह्या काळात आलेल्यांना, त्यांनी पश्चिम बंगालबाहेरच्या छावण्यांत जाण्याचे मान्य केले तर, साहाय्य देण्याचे धोरण आले. त्यांतील कित्येक कुटुंबे त्या वेळच्या मध्यप्रदेशातील रायपूरजवळच्या माना छावणीत उतरली आणि तेथून दंडकारण्य प्रकल्पात, परळकोट-मलकानगिरीच्या जंगलांत, पाठविली गेली. मग १ एप्रिल १९५८ ते ३१ डिसेंबर १९६३ ह्या मधल्या काळात आलेल्यांचे काय? ते दोन तारखांच्या बेचक्यात सापडले. त्यांना मारणारे हात निराळे नव्हते, त्यांनी ओलांडलेली नदी निराळी नव्हती. पण त्यांच्या येण्याच्या दिवशी शासनाची दृष्टी दुसरीकडे होती.

तारखा ठरवूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघ ही सोयीसाठी ओढलेली असते, हे रेघ ओढणाऱ्याने आणि ती सांभाळणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे. ती ओलांडून येणारा मनुष्य त्यामुळे लबाड ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कागद नाही, पण मनुष्य खरे बोलत असेल, तर ते कसे ओळखावे? ह्या बाबतीत आपले जुने शास्त्र आपल्या कचेऱ्यांपेक्षा अधिक उदार होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तीन प्रमाणे सांगितली आहेत: लिखित, भुक्ती आणि साक्षी. म्हणजे लेख, प्रत्यक्ष उपभोग आणि माणसांची साक्ष. ह्या तिन्हींपैकी एकही उपलब्ध नसेल तेव्हाच दिव्य करावयाचे. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात ह्या प्रमाणांचा सविस्तर विचार केला आहे. मराठेशाहीतही हाच क्रम दिसतो. वतनाच्या तंट्यात एखादा पक्षकार 'कागदपत्रे धामधुमीत गेली' असे सांगत आला, तर तेवढ्यावरून त्याला वाटेस लावीत नसत. गोतसभा बसे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे वतनदार ह्यांच्या साक्षी होत, आणि जो निर्णय होई त्याचा महजर तयार होई. म्हणजे साक्षीतून नवा कागद जन्मास येत असे. कागद हे साक्षीचे अपत्य आहे, हे त्या लोकांना ठाऊक होते. अखेरीस जन्माचा दाखला तरी काय आहे? कोणीतरी येऊन 'अमक्या दिवशी अमक्याच्या घरी मूल झाले' असे सांगितले आणि कारकुनाने ते लिहून घेतले, एवढेच.

आपल्या काळात उरले आहे ते केवळ लिखित. ते नसेल तर भुक्ती आणि साक्षी ह्या दोन पायऱ्या गाळून आपण अर्जदारास एकदम दिव्यास उभे करतो. तापलेल्या तुपातून धातूचा तुकडा काढावयास आता कोणी सांगत नाही. 'उद्या या', 'ह्याची साक्षांकित प्रत आणा', 'हे काम त्या खिडकीवर', 'मूळ गावच्या अधिकाऱ्याचे पत्र हवे', असे आजच्या दिव्याचे स्वरूप आहे. जो टिकेल तो खरा, जो थकला तो खोटा, असा त्यामागचा न बोललेला न्याय. दिव्यात हात भाजणे हा जसा अपराधाचा पुरावा नव्हता, तसे चकरा मारून थकणे हाही नाही.

साक्षीवर विसंबून मोठा कारभार चालणे शक्य नाही, हा आक्षेप साहजिक आहे. त्याला उत्तर द्यावयास आपल्याच देशाचा इतिहास पुरेसा आहे. १९४८ च्या आरंभी पूर्व पंजाबात शेतकरी निर्वासितांकडून जमिनीचे दावे मागविण्यात आले आणि सुमारे महिनाभरात पाच लाखांहून अधिक दावे दाखल झाले. मूळ दप्तरे सीमेपलीकडे होती. तेव्हा ज्या त्या गावचे निर्वासित एकत्र बोलावून त्यांच्या उघड्या सभेत प्रत्येकाचा दावा अधिकाऱ्याने वाचून दाखवावयाचा, आणि सभेने तो मान्य करावयाचा, दुरुस्त करावयाचा किंवा फेटाळावयाचा, अशी पद्धत योजिली गेली. कोणाची विहीर कोठे होती आणि कोणाचे शेत किती बिघ्यांचे, हे शेजाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? ही गोतसभाच होती, फक्त जालंधरच्या सचिवालयाच्या देखरेखीखाली भरलेली. ऐन भरात त्या सचिवालयात सुमारे सात हजार अधिकारी-कर्मचारी काम करीत होते. खोटे सांगणाऱ्याची जमीन कमी केली जाई. फारच झाले तर तुरुंगही दाखविला जाई. तरीसुद्धा दावे एकंदरीत चतुर्थांशाने फुगलेले असावेत, असा त्या कामाशी निकटचा संबंध असलेल्या एका अधिकाऱ्याचा अंदाज होता. पण त्यावर उपाय म्हणून सगळेच दावे नाकारण्यात आले नाहीत. पुनर्वसनाचे मुख्य अधिकारी सरदार तरलोक सिंग यांनी चढत्या प्रमाणाच्या कपातीची योजना आखली: पहिल्या दहा एकरांवर पाव हिस्सा कपात, आणि पुढे जमीन वाढत जाईल तसतशी कपात अधिक. नोव्हेंबर १९४९ पर्यंत अडीच लाख वाटप पूर्ण झाले. अपूर्ण पुराव्याच्या आधारेही शहाणपणाने न्याय देता येतो, ह्याहून मोठे उदाहरण आम्हांस सुचत नाही.

ह्या उदाहरणातून आम्हांस एक तत्त्व निघताना दिसते, आणि तेच ह्या लेखात सांगावयाचे आहे. पुराव्याची अपेक्षा मागणीच्या मानाने असावी. भुकेल्याला शिधा द्यावयाचा असेल तर तो भुकेला आहे एवढे पुरे. तो खोटा ठरला तर दोन शेर धान्य वाया गेले, खरा असूनही नाकारला तर मूल गेले. तात्पुरता निवारा, लस, औषध, शाळेत बसण्याची परवानगी ह्यांसाठी नाव-गाव नोंदवून घ्यावे, दाखल्यासाठी अडवू नये. कर्ज द्यावयाचे असेल तर ओळखीची दोन माणसे पाहावीत. घर, जमीन, नुकसानभरपाई द्यावयाची असेल, जिच्यात दुसऱ्याचा वाटा गुंतलेला आहे, तर काटेकोर चौकशी करावी. आणि तेथेही लिखित नसेल तर साक्षीस वाव द्यावा. होते ते पुष्कळदा उलट. मोठा दावा करणाऱ्याजवळ वकील असतो, त्याचे कागद तयार असतात. आणि ज्याला केवळ आठवड्याचा शिधा हवा आहे तो दाखल्याअभावी दारात खोळंबतो.

येथे दोन चुकांचा विचार करावा लागतो. अपात्रास मदत दिली ही एक चूक. पात्रास नाकारली ही दुसरी. नीतीच्या तराजूत ह्या दोन्ही चुकाच आहेत, आणि आमच्या मते दुसरी बहुधा अधिक जड आहे. पण कचेरीच्या तराजूत एकच पारडे असते. अपात्रास दिलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद असते. लेखापरीक्षक ती शोधतो, शेरा मारतो, खुलासा मागतो, प्रसंगी बढती अडते. पात्र असून परत गेलेल्या माणसाची नोंद कोठेच नसते. त्याची फाइल उघडलीच जात नाही, आणि जी फाइल उघडली नाही तिची तपासणी कोण करणार? म्हणून सावध अधिकाऱ्यास 'नाही' म्हणणे नेहमीच सुरक्षित असते. ज्यांची हयात हिशेबतपासणीत गेली असे आमचे वाचक हे जाणतातच. सुरक्षितपणा आणि सचोटी ह्या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात. कागद अपुरे म्हणून अर्ज परत करणाऱ्यास आपण सचोटीने वागलो असे वाटते. प्रत्यक्षात कित्येकदा त्याने केवळ स्वतःच्या बचावाची तजवीज केलेली असते.

आणखी एक गोष्ट. अशक्य पुरावा मागितल्याने खोटेपणा कमी होतो, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. ज्याला फसवावयाचे असते तो कागद आधी तयार करतो. त्याची फाइल कधी अपुरी नसते. अपुरी असते ती घाईने घर सोडून पळालेल्याची. जेथे अशक्य कागद मागितला जातो तेथे कचेरीबाहेर तो पुरविणारा दलाल उभा राहतोच. मग खऱ्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: खरे बोलून मदत गमावणे, किंवा खोटा कागद विकत घेऊन ती मिळविणे. नव्या देशात पाऊल ठेवताच ज्याला पहिला धडा असत्याचा मिळाला, त्याच्याकडून उद्या आपण प्रामाणिक नागरिकत्वाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? पुराव्याची अट सत्याच्या रक्षणासाठी घातलेली असते. तिनेच सत्य महाग केले तर ती आपल्या हेतूच्या विरुद्ध गेली असे म्हटले पाहिजे.

जगाने हा प्रश्न कसा सोडविण्याचा प्रयत्न केला हेही पाहण्यासारखे आहे. रशियातील क्रांतीनंतर लक्षावधी माणसे देशाविना झाली, तेव्हा राष्ट्रसंघाचे उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये त्यांच्यासाठी एक ओळखपत्र सुरू केले. ते 'नान्सेन पारपत्र' म्हणून ओळखले गेले. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याकडे कागद मागण्याऐवजी त्याला तो द्यावा, ही त्यातली क्रांतिकारक कल्पना. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात, पारपत्र नसलेल्या निर्वासितास आश्रय देणाऱ्या देशाने ओळखपत्र द्यावे, असे बंधन आले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १९७९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत, मनुष्याने आपले म्हणणे पटविण्याचा मनापासून प्रयत्न केला असेल आणि ते विश्वासार्ह असेल तर संशयाचा फायदा त्याला द्यावा, असे सांगितले. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण करार न करताही आपण त्या वाटेने गेलेलो आहोत. १९५९ नंतर तिबेटातून आलेल्यांजवळ पारपत्र कोठून असणार? शासनाने त्यांना नोंदणीपत्रे दिली, वसाहती दिल्या. त्यांतील एक आपल्या जुन्या मध्यप्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात मैनपाटच्या पठारावर आहे.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कायद्याने कोणास सामावून घेतले आणि कोणास वगळले ह्यावर देशात मोठा वाद झाला. तो ह्या लेखाचा विषय नव्हे. पुराव्याच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. मूळ देशाचा कागद म्हणून एकाच विशिष्ट दाखल्याचा आग्रह न धरता शाळेचा दाखला, जमिनीचा किंवा भाड्याचा कागद, आईबापांचे वा आजोबांचे कागद, असे अनेक पर्याय दिले गेले. आणि मुदत संपलेला कागदही चालेल असे म्हटले गेले. तरीही काही ना काही लिखित लागतेच. आणि ज्याने रात्री अंगावरच्या वस्त्रानिशी सीमा ओलांडली त्याचा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०२५ मधील केंद्र सरकारच्या आदेशाने ह्या तीन देशांतील अल्पसंख्याक समाजांच्या, छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना पारपत्र नसतानाही येथे राहण्याची मोकळीक दिली. राहण्याची परवानगी आणि मदतीचा वा नागरिकत्वाचा हक्क ह्या पायऱ्या निरनिराळ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर पुराव्याचे माप निराळे असू शकते, हे आमचे म्हणणे ह्यातून वेगळ्या रीतीने पुढे येते.

कोणी म्हणेल, 'हे सर्व धोरण ठरविणाऱ्यांनी ऐकावे; आम्ही हुकुमाचे ताबेदार.' ह्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या मनातील करुणेसाठी नियम मोडणारा अधिकारी आम्हांस आदर्श वाटत नाही. आज तो दयेने मोडील, उद्या दुसरा लोभाने मोडील. पण नियमाच्या चौकटीत जेवढी जागा असते तेवढी तरी आपण वापरतो काय? 'कागद अपुरे' एवढाच शेरा न मारता कोणता कागद हवा आणि त्याऐवजी दुसरे काय चालेल, हे अर्जदाराच्या भाषेत त्याला सांगण्यास कोणताही नियम आड येत नाही. जो कागद शासनाच्याच दुसऱ्या कचेरीत पडलेला आहे, तो आणण्यासाठी अर्जदारास शंभर कोस न धाडता आपण पत्र लिहून मागविण्यास आडकाठी नसते. साक्षीदार हजर असतील तर त्यांचा जबाब नोंदवून वरिष्ठांपुढे ठेवता येतो. नकार द्यावयाचाच असेल तर कारणासह लेखी देता येतो. म्हणजे त्या माणसाला निदान दाद मागण्यासाठी एक कागद मिळतो. ही कामे लहान आहेत, पण ती केल्याने दुसऱ्या प्रकारच्या चुकीची नोंद राहू लागते. परत पाठविलेल्या अर्जांचे एक टिपण ठेवून वर्षाअखेर ते वरिष्ठांस सादर केले, तर कोणती अट खऱ्या माणसांना अडविते हे धोरण ठरविणाऱ्यांस कळण्याचा मार्ग खुला होतो. एरवी ते त्यांस कळावे कसे?

आपणही परप्रांतात राहतो. येथील भाषा आपण शिकलो, येथील पाण्याची सवय झाली. पण आपल्या खिशात नेहमी एक हुकूम होता, ज्यावर आपले येथे असणे न्याय्य ठरत होते. त्या हुकुमामुळे आपल्याला कोणी 'तुम्ही येथे का?' असे विचारले नाही. निर्वासितापाशी असा हुकूम नसतो, आणि तो नसणे हाच त्याचा अपराध मानला जातो. आपली योग्यता आपण मिळविलेली असेल; पण कागद जवळ असण्याचे भाग्य मात्र आपल्या कर्तृत्वाचे फळ नाही. घटकाभर हे मनात आणले तर समोरच्या रिकाम्या हाताच्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलल्यावाचून राहणार नाही.

त्याला लगेच सर्व काही द्यावे असे नाही. त्याने मागितले असेल तितक्याच्या मानाने विचारावे. लिखित नसेल तर साक्षीदार विचारावेत. आणि काहीच नसेल तर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेऊन, तारीख घालून, त्याखाली आपली सही करावी. गमावलेल्या सगळ्या कागदांनंतर त्याच्या हाती येणारा तो पहिला कागद असेल.